घैसास, ओपा आणि एक लाल दिवा

घैसासांच्या हातात मी पहिल्यांदा पान्हा पाहिला तेव्हा मला वाटलं, कुणीतरी ‘जरा धरता का’ म्हणून दिला असेल. इतक्या वर्षांच्या शेजारात त्यांनी उचललेली सर्वांत जड वस्तू म्हणजे लॅपटॉप. आइंडहोवनला लागून असलेल्या फेल्डहोवनमध्ये आमची घरं पाठीला पाठ लावून होती. मधलं कुंपण म्हणजे कमरेएवढी झुडपं. पलीकडचं सगळं ऐकू यायचं, आणि मी काही कानात बोळे घालून जगणारी बाई नव्हे.

अविनाश घैसास कॉम्प्युटरच्या चिप तयार करणारी यंत्रं जिथे बनतात तिथे मोठे इंजिनिअर होते. किती मोठे ते विचारावं लागत नसे, ते आपणहून सांगत. माझा नवरा सुहास त्यांच्याच हाताखाली, त्यामुळे आमच्या घरात त्यांच्याविषयी वाईट बोलायचं काम एकट्या माझ्यावर पडलं होतं. “केसाचे उभे दहा हजार तुकडे करा, वहिनी,” ते म्हणत, “त्यातल्या एका तुकड्याएवढी चूक झाली तरी आमच्याकडे मीटिंग लागते.” मी म्हणायचे, “आमच्याकडे भाजीत अख्खा केस निघाला तरच.”

गळ्यात कंपनीचं ओळखपत्र रविवारीसुद्धा. कुठलंही वाक्य सुरू होणार ते “मुळात प्रश्न असा आहे की” इथून. आणि दिवाणखान्यात, जिथे इतरांच्या घरी गणपतीची तसबीर किंवा टीव्ही असतो, तिथे पांढरा फळा. एकदा घरी डाळ लागली तर या गृहस्थांनी त्यावर माशाचा सांगाडा काढला. प्रत्येक काट्यावर एक कारण: गॅस, भांडं, पाणी, मनुष्यबळ. मनुष्यबळ म्हणजे शुभदा, त्यांची बायको. ती स्वयंपाकघरातून म्हणाली, “डाळ लागली कारण तुम्ही मला फळ्यापाशी बोलावलंत.” ते कारण सांगाड्यात बसेना म्हणून त्यांनी लिहिलं नाही.

शुभदा पुण्यात शाळेत मराठी शिकवायची. इथे शनिवारी आमच्या सगळ्यांच्या पोरांना शिकवायची. ती मराठीत विचारायची आणि पोरं डचमध्ये उत्तरं द्यायची, पण तिने सोडलं नाही. ती बोलायची मात्र खूप, हे मी मैत्रीण असूनही सांगते. “अहो, छत्री. अहो, दूध उतू जातंय. अहो, त्या बाईला उलट मेल करू नका.” घैसास हसून आम्हाला सांगत, “शुभदा म्हणजे गाडीतला वॉर्निंगचा दिवा. लागतो नुसता, करत काही नाही.” आम्हीही हसायचो. शुभदाही हसायची, पण जरा उशिरा.

तिची फीट्स एकदा पंक्चर झाली. इथे सायकलला फीट्स म्हणतात आणि तिच्याशिवाय माणूस पांगळा. ती दुकानात टाकते म्हणाली, तर घैसास आडवे आले. “पंक्चर काढणं म्हणजे लक्षण दाबणं. मूळ कारण शोधायला हवं.” ट्यूब न्हाणीघरात बुडवली. बुडबुड्यांचे फोटो निघाले. आमच्या सुहासला बोलावून दोघांनी दोन शनिवार-रविवार चर्चा केली आणि दोन संभाव्य कारणं निश्चित केली. पंक्चर जिथल्या तिथे. शेवटी शुभदा सायकल हाताने ढकलत दुकानात गेली आणि बसून परत आली. घैसासांनी फळ्यावर ‘प्रश्न सुटला’ असं लिहिलं, खाली सही केली.

तर अशा माणसाच्या हातात पान्हा कसा आला, ते सांगते.

त्यांची एकुलती एक मुलगी मुक्ता टिलबर्गला शिकायला गेली आणि तिथल्या जवळच्या खेड्यातल्या शेतकऱ्याच्या मुलाला घेऊन आली. ब्राम त्याचं नाव. पोरगा इतका उंच, की नकार द्यायचा तर तोही मान वर करूनच द्यावा लागला असता. ते घैसासांना जमलं नाही. पोरगा गुणी होता, वरणभात दोनदा मागून घ्यायचा, विषय संपला.

मग व्याह्यांची भेट. घैसास चांदीची वाटी, विहिणीला पैठणी, मुलाला सोन्याचं नाणं असं सगळं तबकात मांडून गेले. दार उघडलं ते व्याही पीट यांनी, पायांत फक्त मोजे. कॉफी आली. सोबत डब्यातून एकेक बिस्किट आलं आणि डब्याचं झाकण लागलं. तो झाकणाचा आवाज घैसास कितीतरी दिवस काढून दाखवायचे. निघताना पीटनी त्यांच्या गाडीत बटाट्यांचं पोतं टाकलं. “आहेर केला व्याह्यांनी,” घैसास वाटेत म्हणाले म्हणे. “बटाट्यांचा.” शुभदा म्हणाली, “स्वतः पिकवलेत त्यांनी. तुम्ही वाटी घडवली होतीत?”

खरा घाव वेगळाच होता. लग्नाचं सगळं मुलांनी आधीच ठरवलं होतं. सकाळी गेमेन्टेत, म्हणजे नगरपालिकेत, सह्या. दुपारी पीटच्या मोठ्या शेडमध्ये अंतरपाट आणि मंगलाष्टकं. संध्याकाळी गावच्या सभागृहात जेवण. जेवणाचा ठेका दिलेला, खर्च त्यांचा त्यांनी वाटून घेतलेला. कन्यादान नाही. “बाबा, आय ॲम नॉट अ थिंग,” मुक्ता म्हणाली, आणि तिचं बरोबरच होतं. “मग माझं काम काय?” त्यांनी विचारलं. ती प्रेमानेच म्हणाली, “यू जस्ट कम, बाबा. एन्जॉय!”

त्या संध्याकाळी ते कुंपणापाशी आले. ओळखपत्र गळ्यात होतं, पण ‘मुळात प्रश्न असा आहे’ नव्हतं. म्हणाले, “वहिनी, मुलीच्या लग्नात मला कामच नाही हो. पाहुण्यासारखं जायचं आणि बसायचं.” मी एकही टोमणा न मारता त्यांना कुंपणावरून चहाचा कप दिला. असं माझ्या बाबतीत फारसं होत नाही.

काम शेवटी ओपाने दिलं.

ओपा म्हणजे डचमध्ये आजोबा. पीटच्या घरी ओपा म्हणजे त्यांच्या वडिलांचा जुना, करड्या रंगाचा, पेट्रोलवर चालणारा इंग्रजी ट्रॅक्टर. त्या घरची प्रत्येक नवी सून ओपाच्या ट्रॉलीत बसून जेवणाच्या जागी गेलेली. पीटची आई त्यातूनच आली होती, बायकोही. मुक्तालाही तसंच जायचं होतं, शिवाय तिला वरात हवी होती: दिव्यांच्या माळा, गाणी, पुढे नाचणारी आमची मंडळी. आणि ओपाला तेवढं झेपत नव्हतं. त्याच्या पोटात डायनॅमो होता. इंजिन जोरात पळवलं तर तो थोडी वीज द्यायचा, वरातीच्या चालीने नेलं की हात वर. पुढचे दोन दिवे लावले तरी त्यांचे डोळे पेंगुळायचे.

पीट म्हणाले, “ट्रॉलीत जनरेटर ठेवू. कोम्त खुत.” म्हणजे होईल सगळं नीट. हे त्यांचं आवडतं वाक्य. पाऊस आला, गाय अडली, पाहुणे वाढले, कोम्त खुत.

“जनरेटर?” घैसास उभे राहिले. “माझ्या मुलीच्या वरातीत फटफट आवाज? डायनॅमो काढू आणि अल्टरनेटर बसवू. हळू चाललं तरी भरपूर वीज. हे काम मुलीकडच्यांचं. मी करतो.”

पीटनी खांदे उडवले. ओपाचा डायनॅमो ते आयुष्यभर शिव्या घालत सांभाळत आले होते, आणि प्रत्येक बिघाडावर त्यांचा एकच इलाज होता: नवी बॅटरी. तेव्हा अज्ञानाच्या बाबतीत दोन्ही घरं तोलामोलाची होती, हे मान्य करायला हवं.

मग दर शनिवारी पीटच्या शेडमध्ये आमच्या मंडळींची रांग लागायला लागली. घैसास, सुहास आणि कंपनीतलेच आणखी तिघे. एक भिंगांचा तज्ज्ञ, एक सॉफ्टवेअरचा, एक कशाचा ते त्यालाही नीट सांगता येत नसे. फळा शेडमध्ये नेला. कामाची सुरुवात पान्ह्याने होते असा माझा गैरसमज होता, ती सादरीकरणाने होते. ‘ओपा: सद्यस्थिती’. गायी मागे उभ्या राहून रवंथ करत ऐकायच्या. सभेतलं सर्वांत शिस्तीचं वर्तन त्यांचंच.

पण खोटं कशाला बोलू, काम झालं. डायनॅमो निघाला. त्याच्या शेजारची रेग्युलेटरची गंजकी डबी निघाली. भंगारातल्या एका मोटारीचा अल्टरनेटर आणला, त्याला धरायला पट्टी कापून घेतली. फॅन बेल्ट सरळ बसलाय की नाही हे लेसर लावून मोजलं. घैसासांची नखं काळी झाली. सोमवारी ऑफिसात ते मुद्दाम हात टेबलावर ठेवून बसत, असं सुहास सांगायचा. रात्री जेवताना शुभदाला इंजिनाबद्दल सांगत. फळ्याशिवाय ते इतकं बोलू शकतात हे तिला तेव्हा कळलं.

राहिला होता तो समोरच्या पत्र्यावरचा, शेंगदाण्याएवढा लाल दिवा. चावी फिरवली की लागायचा, चार्जिंग सुरू झालं की जायचा. घैसासांनी तो होल्डरसकट उपटला. “मेणबत्तीच्या काळातली गोष्ट! हा करतो काय? तक्रार. त्यापेक्षा आकडा दिसला पाहिजे.” तिथे त्यांनी निळ्या आकड्यांचा मीटर बसवला, बॅटरीत किती व्होल्ट आहेत ते दाखवणारा. अल्टरनेटरकडून त्या दिव्याकडे जाणारी बारीक वायर उरली. ती सुबक गुंडाळून, टेप लावून, वर ‘वापरात नाही’ अशी चिठ्ठी चिकटवली. पाच इंजिनिअरांनी ती चिठ्ठी पाहिली आणि अक्षराचं कौतुक केलं.

आम्ही दोघी डबे घेऊन गेलो होतो. शुभदा म्हणाली, “अहो, असू द्या ना तो दिवा. इतकी वर्षं आहे, काहीतरी करत असेल.”

“शुभदा, तुझं मला कळतं. जातभाई आहे तुझा,” ते म्हणाले, आणि शेड हसली.

शुभदा हसली नाही. तिने तो दिवा उचलला, पुसला आणि रुमालात बांधला. “व्याह्यांच्या घरची वस्तू आहे, वडिलांच्या वेळची. फेकायची नाही. लग्नात फळांच्या ताटाबरोबर परत देईन.” विहिणीच्या घरचा साधा डबासुद्धा ठेवून घ्यायचा नाही आणि रिकामा परत करायचा नाही, ही तिची शिस्त.

चाचणी झाली. घैसासांचा नियम असा, की चाचणी कायम टोकाची घ्यायची. इंजिन इतकं रेटलं की गायी उठून गेल्या. मीटरवर चौदाच्या वर आकडा आला, माळा झगमगल्या, पेढे वाटले. पीटनीसुद्धा दोन खाल्ले. घैसासांनी ओपाच्या बॉनेटवर हात ठेवला तो बराच वेळ काढला नाही. त्या माणसाला मी इतकं सुखी कधी पाहिलं नव्हतं.

लग्न छान लागलं. अंतरपाट धरायला ब्रामच्या उंचीमुळे दोघांना खुर्च्यांवर उभं केलं. संध्याकाळी वरात निघाली. पीट ट्रॅक्टरवर, मागे सजवलेल्या ट्रॉलीत मुक्ता-ब्राम, पुढे आम्ही, आणि बाजूने फेटा बांधलेले घैसास, एक हात ट्रॉलीवर ठेवून चाललेले. दोन्ही बाजूंना सरळसोट मक्याची शेतं. गावची माणसं दारात येऊन टाळ्या वाजवत होती. “माझं काम बघा, वहिनी,” ते माझ्या कानाशी म्हणाले. “एक थेंब आवाज नाही जनरेटरचा.”

अर्धी वाट झाली असेल. गाण्याचा सूर आधी भरडला, मग बसला. माळा पिवळ्या पडल्या, मग तांबूस. ओपाने दोन उचक्या दिल्या आणि बंद पडला. रस्त्यावर नुसते आमचे पैंजण वाजत राहिले.

घैसास धावत पुढे गेले. “मीटर? मीटर काय दाखवत होता?”

“बारा,” पीट म्हणाले. “मग अकरा. मग दहा, नऊ.”

“मग सांगितलं का नाहीत?”

“मला वाटलं थंडी वाढतेय,” पीट म्हणाले. आणि खरंच, सप्टेंबरची संध्याकाळ होती, वाढली होतीच.

एका पाहुण्याच्या मोटारीची बॅटरी जोडून ओपाला पुन्हा सुरू केलं. वायर काढली, माळा लावल्या, ओपा पुन्हा गचकला. पाचही इंजिनिअर बॉनेटवर ओणवे होऊन एकमेकांचे फेटे पाडत होते. तेवढ्यात शेजारचा शेतकरी आपला नवा, हत्तीएवढा ट्रॅक्टर घेऊन आला आणि साखळी काढली. “कोम्त खुत,” पीट म्हणाले. “ओढत नेऊ. लोक हसतील, मजा येईल.”

मुक्ता ट्रॉलीतून वाकून म्हणाली, “बाबा, इट्स ओके. रिअली.”

ते ‘इट्स ओके’ त्यांना कुठे लागलं ते मी पाहिलं. संपूर्ण लग्नात एक काम मागून घेतलं होतं माणसाने. फेटा काढून त्यांनी हातात धरला. मला रडू आलं, आणि राग आला, कुणाचा ते कळेना.

आता शुभदा बोलणार, सगळ्यांना वाटलं. ‘मी तेव्हाच म्हटलं होतं’ हे वाक्य म्हणायला याहून चांगला मुहूर्त कुठला? ती म्हणाली नाही. तिने पर्समधून रुमाल काढला आणि सोडला. “अहो, जाऊ द्या. ओढू देत त्यांना. मी निदान त्यांची ही वस्तू तरी धड परत करते.”

घैसासांनी तिच्या तळहातावरच्या दिव्याकडे पाहिलं. मग त्या गुंडाळलेल्या वायरीकडे. मग पुन्हा दिव्याकडे. मग कपाळावर इतक्या जोरात हात मारला की पीट दचकले.

मला नंतर सुहासने समजावलं ते असं. अल्टरनेटर स्वतःहून जागा होत नाही. चावी फिरवली की बॅटरीतली चिमूटभर वीज त्या लाल दिव्यातून त्याच्यात जाते, तेवढ्यावर तो उठतो आणि कामाला लागतो. तो लागला की दिवा आपोआप मालवतो. फार जोरात फिरवला तर कधी दिव्याशिवायही उठतो, म्हणून चाचणी पास. वरातीच्या चालीला तो अख्खी वाट झोपलेला होता, आणि माळा, गाणं, इंजिनची ठिणगी, सगळं एकट्या बॅटरीवर चालून ती संपली. डायनॅमोच्या जमान्यात दिवा खरोखर नुसती तक्रार करायचा. अल्टरनेटर आला आणि त्याच दिव्यावर सगळं सुरू होण्याची जबाबदारी आली. हे पाच जणांना माहीत नव्हतं असं नाही. प्रत्येकाला वाटलं, दुसऱ्याने पाहिलं असेल.

“साखळी नको!” घैसास ओरडले. सिल्कच्या कुडत्यात रस्त्यावर गुडघे टेकले, दातांनी टेप सोलली, ‘वापरात नाही’ची चिठ्ठी तोंडातून थुंकली. वायर दिव्याला पिळली. पुन्हा मोटारीची वायर जोडली, चावी फिरवली, दिवा लालबुंद लागला. इंजिन सुरू केलं, किंचित रेटलं. आम्ही सगळे श्वास धरून त्या शेंगदाण्याकडे बघत होतो. तो मंदावला आणि गेला.

“अरेरे!” आमच्यातून आवाज आला.

“विझला!” घैसास नाचायला लागले. “विझला, विझला, विझला!”

पुण्याहून खास लग्नाला आलेली त्यांची सुमनमावशी पुढे झाली आणि तिने त्यांच्या पाठीत धपाटा घातला. “मेल्या, मुलीच्या वरातीत दिवा विझला म्हणतोस? शांत झाला म्हणावं!”

“शांत झाला, मावशी! शांत झाला गं!” आणि मावशीला मिठी मारून हा माणूस ढसाढसा रडला. मोटारीची वायर काढली तरी माळा भगभगीत पेटलेल्याच राहिल्या, गाणं मध्येच जिथे तुटलं होतं तिथून सुरू झालं. शेजारचा शेतकरी साखळी गळ्यात घालून आमच्याबरोबर नाचला. शुभदाने विहीणबाईंना सांगितलं, “दिवा परत द्यायला आणला होता, पण जरा लागतोय.”

त्यानंतर घैसास सुधारले असं मी म्हणणार नाही. पुढच्याच आठवड्यात फळ्यावर ओपाचा सांगाडा होता. ऑफिसात त्यांनी त्याचं व्याख्यान केलं, आणि त्यात चूक ‘टीमची’ होती. पण शुभदाला वॉर्निंगचा दिवा म्हणणं बंद झालं. उलट कुणी विषय काढला तर म्हणत, “सकाळी आधी ती बोलते, मग मी सुरू होतो. मी सुरू झालो की ती शांत.” शुभदा म्हणायची, “मी शांत कधी झाले?”

दोन-तीन वर्षांनी आमचं पुण्याला परतायचं ठरलं. घैसास निवृत्त झाले होते आणि शनिवार-रविवार पीटच्याच शेतावर असायचे. निरोप घ्यायला आम्ही तिथे गेलो. ओपा अंगणात उभा होता, घैसास वर बसलेले, मांडीवर मुक्ताची चिमुरडी. गळ्यात ओळखपत्र नव्हतं. त्यांनी चावी फिरवली. निळे आकडे लागले, त्यांच्या शेजारी लाल दिवा लागला. पण इंजिन सुरू केलं नाही. शुभदा दारात उभी होती.

“अहो, खंदकाच्या कडेने नेऊ नका. तिला एका हाताने नाही, दोन्ही हातांनी धरा. वारा आहे, तिचे कान झाका. आणि लवकर या, हे लोक निघायचेत.”

“आबा, रायडन!” पोरगी मांडीवर उड्या मारत होती. म्हणजे चालव ना.

“थांब,” घैसास म्हणाले. “आजीचं व्हायचंय.”

ते बघत होते शुभदाकडे, मीटरच्या आकड्यांकडे नाही. “झालं?”

“झालं. जा आता.”

त्यांनी इंजिन सुरू केलं, दिवा शांत झाला आणि ओपा फटफटत शेतात निघाला. तो बराच लांब, पार खंदकापाशी पोचल्यावर शुभदाला स्वतःच्याच हातात राहिलेली नातीची टोपी दिसली. “अहो, टोपी!” ती ओरडली.

एवढ्या लांबून, इंजिनाच्या त्या आवाजात, काही ऐकू जाणं शक्यच नव्हतं. पण ट्रॅक्टर थांबला, आणि घैसासांनी मान वळवून मागे पाहिलं.